तिसरी फुंकर

डेलिया पॅडनच्या घरात ओनोरा शिरली तेव्हा बाळ रडत नव्हतं, आणि तेच तिला आवडलं नाही. आजवर ज्या मुलांना तिनं फुंकर घातली होती ती बहुतेक कोकलतच तिच्या मांडीवर आली होती. रडणाऱ्या मुलाची तिला कधी धास्ती वाटली नव्हती. ही उना मात्र पाळण्यात नुसती पडून होती. ओठ जरासे उघडे, आणि आत जिभेवर, टाळ्याला, गालांच्या आतून नासक्या सायीसारखा पांढरा थर.

"काल संध्याकाळपासून छातीला तोंडच लावत नाही," डेलिया म्हणाली. "चमच्यानं घातलं तर तसंच बाहेर येतं. दवाखान्यातलं औषध लावून लावून माझी बोटं सोलली. डॉक्टर म्हणाले, लावत राहा. लावतेय."

"आजची दुसरी सकाळ आहे," ओनोरा म्हणाली. "दुसऱ्या सकाळी फरक दिसत नसतो."

हे काही खरं नव्हतं. बहुतेक मुलं दुसऱ्याच सकाळी चोखायला लागत. पण डेलियाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं बघून दुसरं काय बोलणार.

पोर्टरुआच्या किनाऱ्यावर कुणाच्याही तान्ह्याचं तोंड आलं की ओनोरा लाव्हेलला बोलावणं यायचं. ज्यानं आपल्या बापाचं तोंड पाहिलेलं नाही त्याच्या श्वासात तो गुण असतो, असं तिथं सगळेच मानत. ओनोरा आईच्या पोटात होती तेव्हा तिचा बाप, ऑस्टिन, हेरिंग माशांच्या मागं होडी घेऊन गेला. बरोबर त्याचे दोन मेहुणे. मेहुणे दोघंही दुसऱ्या दिवशी मरून वाळूला लागले. ऑस्टिनची टोपीसुद्धा लागली नाही. ओनोरा जन्मली आणि महिन्याच्या आत कुणीतरी आजारी मूल घेऊन दारात उभं राहिलं. तिला स्वतःला तेव्हा मानसुद्धा धरता येत नव्हती. आईनं, सोरखानं, तिला त्या मुलाच्या तोंडावर धरलं आणि तिचा दुधाचा श्वास त्याच्या तोंडात जाऊ दिला. मूल बरं झालं. तेव्हापासून हे चालूच होतं. लागोपाठ तीन सकाळी, उपाशीपोटी, देवाची तीन नावं घेऊन. कुणी आभार मानायचे नाहीत, कुणी हातावर काही ठेवायचं नाही. मधली सकाळ चुकली तर पुन्हा पहिल्यापासून.

ओनोरानं उनाला मांडीवर घेतलं. पोर पिसासारखी हलकी झाली होती. तिनं बापाचं नाव घेऊन फुंकर घातली, पुत्राचं घेऊन घातली, पवित्र आत्म्याचं घेऊन घातली. उनानं पापणीसुद्धा हलवली नाही.

डेलिया दारापर्यंत आली. तिची आधीची दोन्ही बाळं अशीच दूध न घेता वाळून गेली होती. तेव्हा ती नवऱ्याबरोबर इंग्लंडात होती, आणि तिथं फुंकर घालणारं कुणी नव्हतं. या खेपेला नवऱ्याशी भांडून ती बाळंतपणाला माहेरी आली, ती ओनोरा इथं आहे म्हणून.

"उद्या येशील ना?" ती म्हणाली. "काहीही झालं तरी?"

"येईन."

"पाऊस असू दे, वारं असू दे."

"अगं, येईन म्हटलं ना. कधी चुकलेय का?"

डेलियानं तिचा दंड धरला होता, तो सोडायला तिला जरा वेळ लागला. नखांच्या खुणा ओनोराच्या कातडीवर दुपारपर्यंत होत्या.

*

दुपारी ओनोरा टेबलापाशी पाव मळत होती. पाठ दाराकडं. सोरखा दाराशी बसून बटाट्यांचे मोड खुडत होती. रोजच्यासारखी मायलेकींची बडबड चालली होती, म्हणजे ओनोरा बोलत होती आणि सोरखा हुंकार देत होती. ओनोरा सांगत होती की आजची फुंकर लागली असं वाटत नाही, पोर फारच उतरलीय.

बाहेर कुत्रं भुंकलं. मग वाटेवर कुणाचा तरी खोकला ऐकू आला, थांबत थांबत, चढ चढताना यावा तसा. सोरखाचे हुंकार बंद झाले.

"ओनोरा," ती म्हणाली, "तोंड झाक."

"काय?"

"अ‍ॅप्रन डोक्यावरून ओढून घे. मागं वळू नकोस. आत्ता."

आईचा असा आवाज ओनोरानं कधी ऐकला नव्हता. पिठाच्या हातांनीच तिनं अ‍ॅप्रन उचलून डोक्यावर घेतला. आत अंधार झाला आणि पिठाचा, ताकाचा वास दाटला. पावलं अंगणात आली, दाराशी थांबली.

"सोरखा," एक पुरुष म्हणाला. एवढंच.

"उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस."

"नाही टाकत."

एक बटाटा टोपलीतून घरंगळून फरशीवर गेला, तो कुणी उचलला नाही. हा आवाज ओनोरानं कधी ऐकला नव्हता. तरी आईनं तोंड झाक म्हटलं त्याच क्षणी तिला उमगलं होतं, कोण आलंय ते.

"ही?" माणसानं विचारलं.

"हो. तुझीच. आणि तुझं तोंड तिनं बघायचं नाही. उद्या सकाळपर्यंत तरी नाही."

"का?"

"पोरांची तोंडं येतात ना, त्यांना फुंकर घालते ती. तू बुडालास म्हणून." सोरखा सगळं एकाच पट्टीत बोलत होती, बाजारात भाव सांगावा तसं. "एक पोर मरायला टेकलीय. दोन सकाळी झाल्यात, एक उरलीय."

तो माणूस खोकला की हसला ते कळलं नाही. "म्हणजे माझ्याकडून काहीतरी मिळालं म्हणायचं तिला."

"मिळालं. मरून दिलंस. आता जिवंत होऊन काढून घेऊ नकोस."

"आई," अ‍ॅप्रनच्या आतून ओनोरा म्हणाली.

"तू गप्प बस. ऑस्टिन, माझे दोन्ही भाऊ या दारावर निजवले होते. दार बिजागऱ्यांवरून काढलं आणि त्याच्यावर निजवले. तुला ठाऊक नसेल."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "वाळूच्या टेकाडामागं होतो मी. त्यांना वर नेताना बघितलं. तुझं रडणं ऐकलं. होडी काढू या असा मीच त्यांच्या मागं लागलो होतो, सोरखा. टेकाड उतरायला पाय उचललेच नाहीत."

मान खाली घातली तर अ‍ॅप्रनच्या कडेतून, स्वतःच्या काखेखालून, ओनोराला मागच्या उंबऱ्यापलीकडचे दोन बूट दिसत होते. एकाच्या बंदाऐवजी सुतळी बांधलेली. बूट बघितले तर चालतं का, ते तिला माहीत नव्हतं. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले.

"गोठ्यात पड जा," शेवटी सोरखा म्हणाली. "गवत कोरडं आहे. उद्या ती पॅडनांकडून परत येईस्तोवर बाहेर यायचं नाही."

"बरं."

"आणि दाराकडं तोंड करून पडू नकोस."

पावलं अंगण ओलांडून गेली. गोठ्याचं दार करकरलं. मगच सोरखानं येऊन ओनोराच्या डोक्यावरचा अ‍ॅप्रन खाली ओढला. तिचं तोंड राखेसारखं झालं होतं. तिनं परातीतल्या पिठाकडं बघितलं आणि म्हणाली, "सुकतंय ते. मळ."

ओनोरानं मळलं. मग तिला जे विचारायचं होतं ते विचारलं. "आई, तो जिवंतच होता तर मग आजवरची मुलं कशी बरी झाली?"

"गुण त्याच्या मरण्यात नाही. तू न बघण्यात आहे."

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते," सोरखा म्हणाली, आणि बटाट्यांपाशी जाऊन बसली. पण त्यानंतर तिनं मोड खुडले नाहीत, नुसती टोपलीत हात घालून बसली.

*

जेवणं झाल्यावर ओनोरा एका हातात चहाचा कप आणि दुसऱ्यात पावाचा तुकडा घेऊन गोठ्याशी गेली. ऊन अजून खाडीवर होतं, उन्हाळ्यात ते लवकर हलत नाही. दार बोटभर ढकलून, तोंड दुसरीकडं करून तिनं दोन्ही वस्तू आत सरकवल्या आणि दाराला पाठ टेकून बाहेर बसली.

"पाठ करून बसलेय मी," ती म्हणाली. "तुम्हीही डोकावू नका."

"नाही डोकावत. नाव काय ठेवलं तुझं?"

"ओनोरा."

"माझ्या आईचं."

"ठाऊक आहे."

आतून चहा भुरकल्याचा आवाज आला. गाईनं पाय आपटला. ओनोरा लहानपणापासून बापाशी मनातल्या मनात खूप बोलली होती. तो बाप ओल्या केसांचा, तिच्याहूनही तरुण माणूस होता. दाराआडच्या या धापा टाकणाऱ्या म्हाताऱ्याशी काय बोलायचं ते तिला सुचेना.

"कुठं होतात?" तिनं विचारलं.

"ग्लासगोला. गॅसच्या कारखान्यात, भट्टीवर. छाती तिथंच गेली. परवा तिथला डॉक्टर म्हणाला, घर असेल तर घरी जा."

"घर असेल तर."

"हं. तसंच म्हणाला."

"माझ्याबद्दल माहीत होतं?"

"सोरखाला दिवस गेलेत एवढं माहीत होतं. पुढचं कुणाला विचारणार? इकडची माणसं बटाटे काढायला यायची तिथं. रस्त्यात दिसली की मी बाजू बदलायचो."

ओनोराच्या मनात आलं, उठून दार लाथेनं उघडावं आणि याला गदागदा हलवावं. मग तिच्या लक्षात आलं की दार उघडलं की तो दिसेल, आणि मग हलवायचं राहूनच जाईल. ती नुसतीच बघत बसेल.

"ती पोर," तो म्हणाला. "जगेल का?"

"काय माहीत. आज काहीच हालचाल नव्हती. तुम्ही बसमध्ये बसून इकडं येत होतात तेव्हा मी तिला फुंकर घालत होते. त्यामुळं लागली नाही की काय, असं सारखं येतंय डोक्यात."

"मग मी निघून जातो. रस्त्यानं जाईन परत. तुला तेवढी धाकधूक नको."

"नको," ती चटकन म्हणाली. इतक्या चटकन की तिचं तिलाच नवल वाटलं. "उद्या डेलियाकडून आले की मी सरळ इथंच येणार आहे. बघायचंय मला तुम्हाला. तोवर हलू नका."

"हलून जाणार कुठं? बसपासून इथवर यायलाच जीव निघाला."

ती आणखी थोडा वेळ बसली. तो खोकत होता. प्रत्येक खोकल्याबरोबर दाराची फळी तिच्या पाठीला लागत होती, म्हणजे तोही आतून दारालाच टेकून बसला होता.

*

सकाळी ओनोराला जाग आली तेव्हा आईचं अंथरूण रिकामं होतं. खिडकीत नुकतं फटफटलं होतं. ती शाल घेऊन निघणार तोच सोरखा गोठ्याकडून आली. केसांत गवत होतं. रात्री कधी ती तिकडं गेली, ते तिनं सांगितलं नाही आणि ओनोरानंही विचारलं नाही.

"त्याचं काही खरं नाही आता," सोरखा म्हणाली. "तुला बोलावतोय."

ओनोरा गोठ्याकडं पळाली. सोरखानं तिला अंगणातच गाठलं, खांद्याला धरून फिरवलं आणि पाव झाकायचं फडकं तिच्या डोळ्यांवरून नेऊन मागं करकचून गाठ मारली.

"आता जा."

आत गाईच्या श्वासाची ऊब होती. ओनोरा चाचपडत गवतात गुडघ्यांवर बसली. एक हात तिच्या हाताला लागला, मोठा, बोटांची टोकं चामड्यासारखी कडक. श्वास घेताना त्याच्या छातीत ओल्या वाळूवरून होडी ओढावी तसा आवाज होत होता.

"जवळ ये," तो म्हणाला. त्यानं तिच्या कपाळावरून, नाकावरून बोट फिरवलं, फडक्याच्या कडेशी आलं आणि थांबलं. "डोळे कसे आहेत?"

"करडे."

"माझ्या आईचे होते तसे?"

"म्हणतात."

"एकदाच बघू दे. तू मिटून घे हवं तर. म्हणजे... नाही. मिटलेले बघून काय करू."

ओनोराचे हात गाठीकडं गेले. तिनं गाठ धरलीसुद्धा. फडकं काढायचं, वर बघायचं, दोन क्षणांचं काम होतं. मग डेलियाकडं जायचं आणि काय सांगायचं?

"एक पोर आहे," ती म्हणाली. "तिच्या आईची आधीची दोन गेलीत. ती माझ्यासाठी इंग्लंडहून आलीय."

छातीतला तो आवाज तेवढा येत राहिला. मग त्यानं तिचे हात गाठीवरून खाली आणले.

"जा मग. उशीर करू नकोस."

"मी येईपर्यंत थांबा."

"थांबतो."

"नक्की थांबा. मी पळत येते."

"अगं, थांबतो म्हटलं ना. जा."

दाराबाहेर आल्यावर तिनं फडकं ओरबाडून काढलं आणि धावत सुटली. दगडी कुंपणावरून चढून शेतांतून गेली, ओढ्यात पाय घातले, एक बूट चिखलात राहिला तो तिथंच सोडला. पॅडनांच्या दारात पोचली तेव्हा डेलिया चुलीपुढं जमिनीवर बसली होती. उना तिच्या छातीशी घट्ट धरलेली.

"नको," डेलिया म्हणाली. "हात लावू नकोस. हलवलं तर जाईल ती."

"आण इकडं."

"मघापासून आवाजसुद्धा नाही. काल फरक पडला नाही, आज काय पडणार? नको, ओनोरा. माझ्या अंगावर गेली तर गेली."

"डेलिया, मी काय सोडून आलेय ते तुला ठाऊक नाही. आण ती पोर."

तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, डेलियानं पोर पुढं केली. ओनोरानं तिला मांडीवर घेतलं आणि तोंड खाली नेलं, तर फुंकर घालायला तिच्याकडं श्वासच नव्हता. धावून धावून छाती भात्यासारखी चालली होती. अशी धाप पोराच्या तोंडात घालून कसं चालेल. तिला बसून राहावं लागलं. ती चुलीतल्या निखाऱ्यांकडं बघत बसली, श्वास खाली बसायची वाट बघत, आणि इथं जाणारा एकेक क्षण तिकडं गोठ्यातून कमी होतोय, हे तिला छातीतल्या धडधडीइतकं स्पष्ट कळत होतं. डेलिया तिच्या तोंडाकडं टक लावून होती. तिला वाटलं असेल, ओनोरा प्रार्थना करतेय. ओनोरा मनात नुसतं 'थांबा, थांबा' म्हणत होती.

मग श्वास खाली बसला. बापाच्या नावानं तिनं पहिली फुंकर घातली, आणि त्या शब्दाशी ती जराशी अडली. पुत्राच्या नावानं दुसरी. पवित्र आत्म्याच्या नावानं तिसरी. उनाच्या ओठांवर काहीच हललं नाही. ओनोरानं तिला डेलियाच्या हातांत दिलं आणि एक शब्द न बोलता बाहेर पडली.

*

सोरखा गोठ्याच्या दारात पालथ्या बादलीवर बसली होती. तिला तशी बसलेली बघूनच ओनोराची पावलं मंदावली.

"थांबला होता," सोरखा म्हणाली. "बराच वेळ थांबला. दोनदा म्हणाला, ती येतेय."

ओनोरा अनवाणी पाय चिखलात रोवून उभी राहिली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. सोरखाच्या मागं माणसाएवढं काहीतरी गवतावर दिसत होतं, आईच्या काळ्या शालीनं डोक्यापासून झाकलेलं.

"आत जाऊ नकोस," सोरखा म्हणाली. "ऐक माझं. आता तो खरंच गेलाय. दफन करून टाकू. तू त्याला बघितलं नाहीस, तुझं काही गेलं नाही. आजवर त्याच्यावाचून राहिलीस, पुढंही राहशील. पण बायका यायच्या थांबणार नाहीत, ओनोरा. त्यांना काय सांगशील?"

"काल तू मला तोंड झाक म्हणालीस," ओनोरा म्हणाली. "ते उनासाठी, का त्याला शिक्षा म्हणून?"

सोरखानं हातातली गवताची काडी मोडली, मग तिचे आणखी तुकडे केले.

"म्हणताना उनासाठीच म्हणाले," ती म्हणाली. "नंतरचं मला माहीत नाही. रात्रभर तोच विचार करत त्याच्याशेजारी बसले होते."

"मला जाऊ दे."

सोरखा बादलीवरून उठली नाही. फक्त गुडघे बाजूला घेतले.

ओनोरा आत गेली आणि गवतात बसली. शालीची कड धरली आणि एका दमात खाली ओढली. कुठल्याही बाजारात दिसावा तसा एक म्हातारा होता. दाढीचे पांढरे खुंट, गालाला भट्टीच्या भाजल्याचा जुना डाग, वरच्या ओठाला एक चीर. ती बघत राहिली. तिच्या ओल्या केसांच्या तरुण बापाचं त्यात काही नव्हतं. स्वतःचंही काही तिला सापडेना. नाक वेगळं, हनुवटी वेगळी, कपाळ वेगळं. तिनं पुन्हा पहिल्यापासून शोधलं. एवढं देऊन हे बघायला मिळालं आणि हा माणूस परकाच निघाला, असं तिला वाटलं.

"कान," दारातून सोरखा म्हणाली. "कान बघ त्याचे."

ओनोरानं बघितले. पाळी नसलेले, वरून जरासे दुमडलेले कान. आरशात केस विंचरताना रोज दिसायचे ते. तिनं त्या कानावर बोट ठेवलं, तो अजून पुरता गार झाला नव्हता, आणि मग तिला रडू आलं.

दुपारी शेजारपाजारची माणसं जमली. हे कोण म्हणून विचारल्यावर सोरखानं आडपडदा ठेवला नाही. "माझा नवरा. काल घरी आला, आज गेला," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडाकडं बघून पुढचं विचारायची कुणाची छाती झाली नाही. गोठ्यातून आणून त्याला घरात निजवलं. दार बिजागऱ्यांवरून काढायचं का, असं कुणीतरी विचारलं. सोरखा म्हणाली, टेबल चालेल.

संध्याकाळी डेलिया आली. उना शालीत होती. पोरीनं दुपारी छाती धरली होती, आधी जरा, मग परत, आणि मग झोपली होती. हे डेलियानं दुसऱ्या एका बाईला सांगितलं, ओनोराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. ओनोराशी ती थेट काही बोलली नाही, आभार मानायचे नव्हते ना. ती टेबलाशी गेली, निजलेल्या माणसाकडं बघितलं, गुडघे टेकले आणि बराच वेळ तशीच राहिली. मग भिंतीशी येऊन ओनोराच्या अंगाला अंग लावून बसली, आणि लोक गेले तरी उठली नाही.

*

बटाटे निघाले, गवत घरात आलं, आणि थंडीच्या तोंडाशी एक अनोळखी बाई डोंगरापलीकडून मूल घेऊन आली. तिला काही ठाऊक नव्हतं. मुलाच्या तोंडात तोच पांढरा थर होता. ओनोरानं तिला चुलीशी बसवलं आणि सांगितलं, "बाई, माझ्यात आता गुण नाही. मी बापाला बघितलं."

बाईला आधी कळलंच नाही. मग कळलं. "कुणाला समजणार आहे?" ती म्हणाली. "तुम्ही नुसती फुंकर घाला. मी कुणाजवळ बोलणार नाही."

"मला समजेल. तुम्हालाही समजलंय आता."

"मग मला सांगितलंत कशाला?" बाई मोठ्यानं म्हणाली. "सांगितलं नसतं तर लागली नसती का? मी कुठं जाऊ आता? नवरा म्हणाला पोर मेलं तर परत येऊ नकोस, मीच म्हटलं ती बाई आहे, ती बघेल. एवढी चालून आले मी." आणि ती पोराला पोटाशी धरून पुढंमागं झुलायला लागली.

सोरखा कोपऱ्यात लोकर विंचरत होती. तिनं मान वर केली, ओनोराकडं बघितलं, आणि परत खाली घातली. मी सांगत नव्हते का, असं ती म्हणाली नाही, तरी तेवढं वाचायला ओनोराला शब्द लागत नव्हते. बापाच्या तोंडावरची शाल ओढल्यापासून या दिवसाची ती वाट बघत होती. रोज कुत्रं भुंकलं की ती हातातलं काम टाकून दाराशी जायची.

तिनं बाईला चहा दिला, कपात ओतलेला सगळा प्यायला लावला. मग खुंटीवरची शाल घेतली.

"खाडीच्या वरच्या टोकाला एक माणूस आहे. त्याचा बाप तो जन्मायच्या आधी दगडांच्या खाणीत मेला. तोंडाचा फटकळ आहे, आणि बायकांना दारात उभं करत नाही असं ऐकलंय. वाटेत दवाखाना लागतो. आधी तिथलं औषध घेऊ, मग त्याच्याकडं."

"तो घालेल फुंकर?"

"नाही म्हणाला तर मी त्याच्या दारात बसेन."

"तीन सकाळी?"

"हो. तीनही. कुठंतरी राहू."

बाईनं डोळे पुसले. तिच्या बुटाचा तळ सुटला होता, तिला नीट चालता येत नव्हतं. ओनोरानं तिच्याकडून मूल घेतलं. ते कण्हत होतं, तोंड उघडं टाकून, आणि त्याचा आंबूस श्वास तिच्या गळ्याशी येत होता. तिनं त्याला शालीत लपेटलं आणि बाईला दारातून पुढं घातलं.

"थांबा," सोरखा म्हणाली. ती उठली, फडताळातून पावाचा अख्खा गोळा काढून फडक्यात बांधला आणि ओनोराच्या हातात दिला. "अंधार पडायच्या आत दवाखाना गाठा. वरच्या वाटेनं जाऊ नका, ओढा भरलाय."